केसाएवढी शेवई



उन्हाळी कामं सुरू झाली की आमच्या सोप्यात बाकड्याला शेवयांचं यंत्र आवळलं जायचं. एकीनं गोळा दाबायचा, दुसरीनं दांडा फिरवायचा, तिसरीनं खाली हात धरायचा. आम्हा पोरांकडं कावळे हाकलायचं काम. त्या कामाचा पगार म्हणजे चोरून खाल्लेल्या ओल्या शेवया.

पण यंत्राच्या शेवयांना आमची आजी शेवया मानत नसे. तिची शेवई पाटावरची. खपली गव्हाचं सपीट वस्त्रगाळ करायचं, घट्ट मळायचं आणि तेलाचा हात लावून तार येईपर्यंत कुटायचं. पाट एका अंगाला उंच, दुसऱ्या अंगाला उतरता. वरचा गोळा तळहातानं वळत खाली लोटला की पाटाच्या टोकाला धागा लोंबू लागे. खालची बाई तो न तोडता हातांवर झेलून काठीवर टाकायची. शेवई तुटली की आजी पिठाला कधीच बोल लावत नसे, झेलणारीलाच लावायची.

आपल्या शेवईसारखाच इटलीत पास्त्याचा एक अगदी बारीक प्रकार आहे, त्याचं नाव ‘देवदूताचे केस’. जाडी एक मिलिमीटरहूनही कमी. तो बनतो ड्युरम गव्हाचा, म्हणजे आपल्या बन्सीच्या जातीचा. आपली खपलीही तिकडं आहे. तिला ते ‘फार्रो’ म्हणतात. म्हणजे धान्याच्या बाबतीत आपण भाऊबंदच.

इटलीतल्याच सार्डिनिया बेटावरच्या नुओरो गावात तर याहून बारीक काम चालतं. त्याचं नाव ‘सु फिलिंदेउ’, देवाचे धागे. यंत्र नाही, पाटही नाही. पीठ हातानं ताणायचं, दुमडायचं, पुन्हा ताणायचं. असं आठ वेळा केलं की एकाचे २५६ धागे होतात. ते गोल चौकटीवर तिरके-आडवे तीन थरांत पसरून उन्हात वाळवतात. ही विद्या मोजक्याच बायकांच्या हातात उरली आहे. आपल्या पाटाचंही तेच झालंय. बाजारात शेवयांची पाकिटं रग्गड, पण पाट शोधायला खेड्यात जावं लागतं.

आपण शेवयांवर दूध-साखर घेतो, गुळवणी घेतो, आंब्याचा रस घेतो. नुओरोची माणसं मात्र यात्रेच्या वेळी हे धागे मटणाच्या रश्श्यात शिजवून, वर मेंढीच्या दुधाचं चीज घालून खातात. मटणाचा रस्सा म्हटल्यावर कोल्हापूरकराचे कान टवकारणारच. पांढऱ्या रश्श्यात शेवया अजून मी तरी कुठं खाल्लेल्या नाहीत. तुमच्यापैकी कुणी येत्या रविवारी करून पाहिल्या, तर आम्हाला जरूर कळवा.