‘बाईचा रोज’ आणि आपल्या सह्या
(कार्यकर्ता-शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘समान कामास समान वेतन’ हा आजच्या भाषणाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या सहकाऱ्यांनी मला विचारले, ‘यात आता बोलण्यासारखे काय उरले आहे? कायदा होऊन पन्नास वर्षे झाली. विरोधात बोलणारा एक तरी माणूस या शिबिरात सापडेल काय?’ त्यांचे म्हणणे खरे आहे. सभागृहात या तत्त्वाला विरोधक उरलेला नाही. विरोधक आहे तो शेताच्या बांधावर, कारखान्याच्या फाटकाच्या आत आणि, स्पष्टच बोलावयाचे तर, आपल्या युनियनच्या कचेरीतही.

आपल्या कोणत्याही तालुक्यात जा आणि शेतमजुरीचा दर विचारा. उत्तर देणारा आधी तुम्हांलाच विचारील, ‘गड्याचा की बाईचा?’ बाईचा रोज वेगळा असतो हे त्याला सूर्य उगवण्याइतके स्वाभाविक वाटते. या स्वाभाविकपणाच्या पोटात जे युक्तिवाद दडलेले आहेत ते एकेक करून तपासले पाहिजेत. त्यांतील काही फोल आहेत, पण सगळेच नाहीत.

पहिला युक्तिवाद कुटुंबपोषणाचा. पुरुषाला संसार चालवावयाचा असतो, बाईची कमाई ही जोडकमाई, असे म्हणतात. यावर फार वेळ दवडण्याचे कारण नाही. अविवाहित गड्याला, त्याच्यामागे संसार नाही म्हणून, कोणी कमी रोज दिल्याचे मी पाहिलेले नाही. आणि चार लेकरांच्या विधवेला किंवा नवऱ्याने टाकलेल्या बाईला, ती कुटुंबाची एकमेव पोशिंदी आहे म्हणून, कोणी गड्याचा रोज दिल्याचेही ऐकिवात नाही. मजुरी गरजेवर ठरत असती तर तिजोरीवर पहिला हक्क त्या विधवेचा असता.

दुसरा युक्तिवाद उत्पादनाचा. बाई कमी काम करते आणि उशिरा येते, असे शेतकरी सांगतो. यातील उशिराची गोष्ट पुष्कळ ठिकाणी खरी आहे. गडी सकाळी आठला येतो, बाया दहा-अकराला येतात. मधले दोन-तीन तास त्या पाणी भरीत असतात, भाकऱ्या थापीत असतात, आणि त्यांतील एक भाकरी त्या गड्याच्या फडक्यात बांधलेली असते. तरीही तास कमी भरतात हा मुद्दा मी मान्य करतो. मग तासाप्रमाणे हिशेब करा! तसा हिशेब करावयास कोणी तयार होत नाही, कारण तासाचा दर काढला तरी तो समान निघत नाही. शिवाय खुरपणी, कांद्याची लागण, कापसाची वेचणी ही कामे गड्याला द्या आणि मग उत्पादन मोजा. वेचणीला वजनावर पैसे मिळतात. तेथे स्त्री-पुरुष भेद कागदावर नाही. पण त्या कामाचा दरच असा ठेवलेला असतो की गडी तिकडे फिरकत नाही. काम कमी प्रतीचे म्हणून बायकांकडे आले, की बायकांकडे आले म्हणून कमी प्रतीचे ठरले, याचा विचार आपण करावा.

सरकारला आणि मालकाला स्त्रीच्या श्रमाची निकड भासली म्हणजे उत्पादनाचा हा प्रश्न कसा विरघळतो, याचे एक कडू उदाहरण इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली तेव्हा, १९४३ मध्ये, खाणीत जमिनीखाली स्त्रियांनी काम करण्यावरील बंदी उठविण्यात आली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. या निर्णयावर मध्यवर्ती कायदेमंडळात कडक टीका झाली आणि ती अस्थानी नव्हती. उत्तर देताना बाबासाहेबांनी एक गोष्ट आवर्जून नोंदविली: खाली उतरणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळणार आहे, आणि स्त्री-पुरुष भेद न करता समान कामास समान मजुरी हे तत्त्व एखाद्या उद्योगात प्रथमच प्रस्थापित होत आहे. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. समान मजुरी देणे शक्य आहे हे मात्र सिद्ध होऊन गेले होते.

तिसरा युक्तिवाद सर्वांत गंभीर आहे आणि तो आपल्याच हितचिंतकांकडून येतो. समान वेतनाचा आग्रह धराल तर मालक बायकांना कामावरच घेणार नाही, असे ते म्हणतात. मुंबईच्या कापडगिरण्यांचा दाखला यासाठी नेहमी दिला जातो. १९२० च्या दशकात गिरण्यांतील सुमारे एकपंचमांश कामगार स्त्रिया होत्या. वाइंडिंग आणि रीलिंग ही त्यांची खाती. १९७० च्या दशकापर्यंत हे प्रमाण शेकडा दहाच्याही खाली आले. ही हकिकत खरी आहे. परंतु तिच्यातील काळाचा क्रम पाहा. समान वेतनाचा कायदा आला १९७६ मध्ये. बायका घरी बसल्या त्याआधीच. रात्रपाळीवरील बंदी, नवी यंत्रे, कामगारकपात आणि प्रसूतिभत्त्याचा बोजा एकट्या मालकावर टाकणारी पद्धत ही त्याची कारणे होती. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हा खर्च मुख्यतः सरकारने उचलावा असे म्हटले होते. राज्य कामगार विमा योजनेने नेमके हेच थोड्याफार प्रमाणात साधले. तेथे वर्गणी सर्व कामगारांच्या वेतनावर आकारली जाते. बाई कामावर ठेवली म्हणून मालकाचा खर्च वाढत नाही. उलट २०१७ मध्ये प्रसूतिरजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली, तेव्हा विमा योजनेबाहेरच्या आस्थापनांत तिचा सारा भार मालकावर ठेवला गेला. तेव्हा नोकऱ्या जातील ही भीती खोटी नाही. तिचा उपाय मात्र कमी वेतन हा नसून मातृत्वाचा खर्च समाजाने वाटून घेणे हा आहे.

आता आपल्या कचेरीकडे येतो.

समान वेतनाचा वटहुकूम निघाला २६ सप्टेंबर १९७५ रोजी. आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते आणि आणीबाणीही होती; आपल्यापैकी अनेक जण तेव्हा तुरुंगात होते, त्यामुळे त्याचे स्वागत करण्यास कोणी मोकळे नव्हते! पुढे त्याचा कायदा झाला. त्या कायद्याखालील सर्वांत गाजलेला खटला मुंबईतलाच. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतील एका लघुलेखिकेने तक्रार केली की, पुरुष लघुलेखकांना मिळते ती वेतनश्रेणी तिला मिळत नाही. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला. कंपनीचा बचाव काय होता? ही श्रेणी युनियनशी झालेल्या करारानुसार ठरली आहे, असा. न्यायालयाने सांगितले की करार असला तरी भेदभाव कायदेशीर होत नाही. कंपनीची आर्थिक अडचणीची सबबही न्यायालयाने मानली नाही. आपण हा निकाल मालकाचा पराभव म्हणून सांगत आलो. त्या करारावर खाली कामगारांच्या वतीनेही सह्या होत्या, हे आपण सांगत नाही.

माझीही अशी एक सही आहे. १९८३ साली एका औषधाच्या कारखान्यात मी वाटाघाटी केल्या. भरणीच्या पट्ट्याजवळ उभ्या राहून बाटल्या तपासणाऱ्या, लेबले लावणाऱ्या आणि खोकी भरणाऱ्या सगळ्या बायका होत्या. भरलेली खोकी उचलणारे सगळे पुरुष. करारात आम्ही दोन श्रेण्या केल्या, ‘हलके काम’ आणि ‘अवजड काम’. बायका किंवा पुरुष हा शब्द करारात कोठेही नव्हता, म्हणून आम्हांला तो निर्दोष वाटला. पगारवाढ चांगली मिळाली होती, फाटकावर गुलाल उधळला गेला. त्या गर्दीत भरणीवरची एक वयस्क बाई मला म्हणाली, ‘दादा, खोकं उचलणारा दोन खोक्यांमध्ये बसतो. पट्टा थांबत नाही, आम्ही कधी बसायचं?’ मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. बहुधा पुढच्या कराराच्या वेळी बघू, असे म्हणालो असेन. पुढच्या करारात त्याच दोन श्रेण्या कायम राहिल्या.

साथींनो, आजची लढाई या ‘हलके’ शब्दाशी आहे. १९७६ च्या कायद्याची भाषा ‘तेच किंवा त्याच स्वरूपाचे काम’ अशी होती. २०१९ च्या वेतन संहितेत तो कायदा विलीन झाला, २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहिता अमलात आली, आणि भाषा तीच राहिली. बाईला शेजारच्या पुरुषाशी तुलना करून हक्क मागावयाचा आहे. शेजारी पुरुषच नसेल तर तिने तुलना कोणाशी करावी? आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९५१ च्या शंभराव्या ठरावात शब्द आहेत ते ‘समान मूल्याचे काम’ असे. भारताने त्याला १९५८ मध्ये मान्यता दिली आहे. कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती मोजून दोन वेगळ्या कामांचेही मूल्य ठरविता येते. पट्टा आणि खोके यांचे मोजमाप आम्ही केलेच नव्हते.

सरकारची चतुराई तर आपल्याहून मोठी. तो वटहुकूम निघाला त्यानंतर सहा दिवसांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, याच सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. तिच्यातील अंगणवाडीच्या बाईला वेतन नाही, ‘मानधन’ आहे. ती कामगार नाही, ‘सेविका’ आहे. एका हाताने समान वेतनाचा हुकूम आणि दुसऱ्या हाताने वेतन हा शब्दच पुसून टाकलेली देशव्यापी नोकरी! एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे म्हटले, त्याला सत्तेचाळीस वर्षे लागली.

आणि शेवटी कोयता. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून हिशेबात ‘एक कोयता’. तो ऊस तोडतो. ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते आणि पुष्कळदा तोडतेही. उचल त्याच्या नावावर, टनाचा दर कोयत्याला. येथे बाईचा रोज कमी आहे असेही म्हणता येत नाही, कारण तो वेगळा अस्तित्वातच नाही. एक दिवस पडून राहिली तर खाड्याचा दंड मात्र पडतो. २०१९ मध्ये शासनाच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, तिचे आपण योग्य स्वागत केले. ती वाढही कोयत्यालाच मिळाली. तिच्या वाट्याची रक्कम तिच्या खात्यावर वेगळी जमा व्हावी, ही मागणी पुढच्या वाटाघाटीत पहिल्या पानावर यावयास हवी. ‘घरात भांडणे लागतील’ असा आक्षेप मुकादमांकडून येईलच. आपल्यापैकी काहींच्याही तो मनात असेल. तो त्यांनी आज येथेच मोकळेपणाने मांडावा.

दुपारच्या चर्चेसाठी प्रत्येक युनियनने आपल्या चालू कराराची प्रत आणावी, असे मी कळविले होते. श्रेण्यांचा तक्ता उघडून प्रत्येक श्रेणीत किती स्त्रिया आणि किती पुरुष आहेत ते समासात लिहावे, एवढेच काम आहे. १९८३ च्या कराराची प्रत मी सोबत आणली आहे. सुरुवात तिच्यापासून करावी, अशी अध्यक्षांना विनंती करतो.