शाळेच्या ओसरीवरील धूर
(शिक्षक परिषदेत केलेले भाषण)



सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मुभा असावी की नसावी, या विषयावर बोलण्यापूर्वी मला एक कबुली दिली पाहिजे. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मी मधल्या सुटीत शाळेच्या मागील भिंतीशी विडी ओढीत असे. एके दिवशी काडेपेटी संपली, म्हणून चौथीतील एका मुलास मी दुकानात पिटाळले. तो धावत गेला, धावत आला आणि त्याने पेटी माझ्या हातावर ठेवली. गुरुजींचे काम केल्याचा आनंद त्याच्या मुखावर होता. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

धूम्रपान ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, असे पुष्कळांचे म्हणणे असते. आपल्या शेताच्या बांधावर एकट्याने विडी ओढणाऱ्यापुरते ते काही अंशी मान्य करता येईल. परंतु ओसरीवर, एस. टी. च्या गाडीत किंवा दवाखान्यात सोडलेला धूर शेजाऱ्याच्याही छातीत शिरतो. जो स्वतः ओढीत नाही, त्यालाही या धुरामुळे फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९८६ च्या अहवालाने स्पष्ट केले. लहान मुलांना तर त्यापासून दमा, खोकला व कानाचे विकार जडतात. मोठा माणूस निदान उठून जाऊ शकतो; वर्गात बसविलेल्या मुलास ती सोय नसते.

आपल्या देशात या प्रश्नाचा निर्णय झालेला आहे. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी शिक्षणसंस्था, रुग्णालये, ग्रंथालये, कचेऱ्या व सार्वजनिक वाहने यांत धूम्रपानास मनाई केली. पुढे २००३ च्या तंबाखूविषयक अधिनियमाने ती मनाई कायम केली, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून तिचे सुधारित नियम अमलात आले. त्याच अधिनियमाच्या सहाव्या कलमानुसार शाळेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरांच्या आत तंबाखूची विक्री करता येत नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीस तर ती कोठेही विकता येत नाही. ज्या मुलास मी दुकानात धाडले, त्याच्यासारख्यांसाठीच ही तरतूद आहे.

तथापि कायदा फलकावर राहतो आणि गाव ओसरीवर बसते. सभेसाठी आलेल्या वडीलधाऱ्या आबांनी विडी पेटविली, तर त्यांना कोण सांगणार? चारचौघांत त्यांचा पाणउतारा करू नये. जवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणावे, “आबा, पोरे बघताहेत; तेवढी आवाराबाहेर ओढून या.” नातवंडांचे नाव निघाले की सहसा कोणी हट्ट धरीत नाही. कोणी धरलाच, तर शाळेच्या आवारात कायद्याची जबाबदारी मुख्याध्यापकावर आहे, हे त्यांनी विसरू नये.

मात्र हे सांगण्याचा अधिकार आपण आधी कमावला पाहिजे. तळहातावर तंबाखू-चुना मळीत फळ्यापुढे उभा राहणारा शिक्षक धूम्रपानबंदीच्या कलमात सापडणार नाही; मुलांच्या नजरेतून मात्र तो सुटणार नाही. पुस्तकातील धडा मुले विसरतील, गुरुजींच्या हातांची सवय विसरणार नाहीत.

मी विडी सोडली, ती कायद्याच्या भयाने नव्हे. त्या मुलाच्या धावण्याने सोडली. आपल्या शाळेतील मुलांना असे धावावे लागू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.