सूचना पेटी रिकामी का राहते?

(सातपूर येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

तुमच्यापैकी बरेच जण इथल्याच एमआयडीसीत कामाला आहेत. कोणी व्हीएमसी चालवतं, कोणी प्रेस शॉपमध्ये, कोणी क्वालिटीत, काही माझ्यासारखे लॅपटॉपवर. अनेक कंपन्यांत एक सूचना पेटी असते आणि भिंतीवर कायझेनचा फलक. पेटीतून मात्र फार तर कँटीनची तक्रार निघते. आपल्याला काही सुचत नाही का? सुचतं. फिक्स्चरमध्ये जॉब उलटा बसतो, एक छोटी पिन लावली तर तो उलटा बसणारच नाही, हे सर्वांत आधी मशीनवरच्या मुलाला कळतं. पण तो बोलत नाही.

मीही बोललो नव्हतो. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. रात्री सॉफ्टवेअरचा नवा भाग चालू करायचा होता. एखादी नोंद रिकामी आली तर सगळं अडेल, हे मला दिसत होतं. खोलीत सगळे सीनियर. आणि मनात एक गोष्ट, जी तुम्हाला समजावून सांगायला नको: नावामुळे आपण आधीच वेगळे दिसतो, त्यात चूक काढून आणखी नजरेत कशाला यायचं? गप्प राहिलो. पहाटे सगळं अडलं, तीन दिवस दुरुस्तीत गेले. मला कोणी रागावलं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. तेच जास्त लागलं.

आता आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या. २००२ साली महिंद्राची स्कॉर्पिओ बाजारात आली. पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १२० जणांनी, छोट्या छोट्या गटांत, ती गाडी घडवली. डिझाइन, उत्पादन, खरेदी, विक्री अशा वेगवेगळ्या विभागांची माणसं एकत्र बसली, सुटे भाग पुरवणारेही सुरुवातीपासून सोबत होते. खर्च झाला सुमारे ६०० कोटी. बड्या परदेशी कंपन्या नव्या गाडीवर याच्या कित्येक पट खर्च करत. अशा रचनेचा फायदा साधा आहे: ज्याला उद्या भाग जोडायचा आहे, तो आज ड्रॉइंग होतानाच अडचण सांगू शकतो. जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात तर काही बिघडलं की लाइनवरचा साधा कामगार काम थांबवू शकतो.

आपल्याकडे याला मशवरा म्हणतात. बद्रचा प्रसंग तुम्ही बयानात ऐकला असेल. हुबाब बिन मुन्झिर यांनी प्रेषितांना (स.) विचारलं, इथे मुक्काम करणं हा अल्लाहचा आदेश आहे की आपलं मत? मत आहे, असं उत्तर मिळालं. मग त्यांनी पाण्याजवळची जागा सुचवली आणि मुक्काम हलला.

हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो. पण मोहल्ल्याच्या कमिटीत वीस वर्षांच्या पोराने हिशेब विचारला तर? ‘बडों के सामने जबान चलाता है!’ गॅरेजमध्ये शागिर्दाने उस्तादला वेगळी पद्धत सुचवली तर? घरात बहिणीने? गप्प बसायचं शिक्षण आपण घरीच देतो आणि मग कंपनीत आपली मुलं पुढे येत नाहीत म्हणून हळहळतो.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. एक, बैठकीत सर्वांत ज्युनियर माणसाला आधी बोलू द्या. साहेब आधी बोलले की बाकीचे माना हलवतात. दोन, सूचना आली की आठवड्यात उत्तर द्या. नकार असेल तर कारण सांगा, होकार असेल तर ज्याची कल्पना त्याचंच नाव लावा. उत्तर येत नाही म्हणून पेटी रिकामी राहते. तीन, आपली सूचना मोजून मांडा. ‘हे बदला’ एवढंच म्हणू नका. ‘पन्नासात तीन जॉब उलटे बसतात, आठवडाभर पिन लावून बघू’ असं म्हणा, आणि लेखी द्या.

प्रत्येक साहेब ऐकेल असं नाही. कुठे कुठे भेदभाव आहे, तो मी नाकारत नाही. पण जे आपण सांगितलंच नाही, ते नाकारायचे कष्टसुद्धा कोणाला पडत नाहीत.

मी इथे थांबतो. आता प्रश्न. पुढच्या रांगेतल्या मोठ्यांनी जरा थांबावं, सुरुवात मागच्या रांगेपासून करू.