बंदीपूरला केव्हा यावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आमचे उत्तर ऐकून ते क्षणभर गप्प झाले. आधीच्या वक्त्यांनी मराठी भाषेचे भवितव्य, संतवाङ्मय असे भारदस्त विषय घेतलेले. आणि आम्ही म्हणालो, ‘बंदीपूरला केव्हा यावे?’ परंतु म्हैसुरात राहणाऱ्या मराठी माणसाला वर्षातून सर्वांत अधिक वेळा कोणता प्रश्न विचारला जातो, ते आपण प्रत्येकाने आपापल्या घरी आठवून पाहावे. पुण्याची मावशी, नागपूरचे साडू, कोल्हापूरचा जुना वर्गमित्र, सर्वांचा पहिला प्रश्न, ‘काय, बरे आहे ना?’ आणि दुसरा, ‘जंगल बघायला केव्हा यावे?’ राजवाडा बाराही महिने दिसतो, चामुंडीदेवी बाराही महिने दर्शन देते. जंगलाचे तसे नाही, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्यापुढचे आपल्याला ठाऊक आहे अशी त्यांची समजूत असते.

आमचे शिक्षण बी.ए.पर्यंतचे, तेही इतिहास विषय घेऊन. वनस्पतिशास्त्र अथवा प्राणिशास्त्र यांचा आमच्याशी संबंध आला नाही. जे सांगणार आहोत ते पाहुण्यांना घेऊन वारंवार जाण्याने समजलेले आहे, ही जाणीव श्रोत्यांनी ठेवावी.

प्रथम स्थळाविषयी थोडेसे. म्हैसूरहून उटीच्या रस्त्याने सुमारे ऐंशी किलोमीटरवर बंदीपूर. म्हैसूरच्या महाराजांचे हे शिकारीचे रान. १९३१ मध्ये त्याचा लहानसा भाग राखून ठेवण्यात आला आणि १९४१ मध्ये ते वाढवून वेणुगोपाल वन्यजीव उद्यान झाले. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातील पहिल्या नऊ क्षेत्रांत आपल्या विदर्भातील मेळघाट होते आणि हे बंदीपूरही होते. आमची एक बदली विदर्भात झाली होती, त्यामुळे ही दोन्ही रानावने थोडीफार पाहता आली. माहेरच्या माणसाला परगावी ओळखीचे चेहरे भेटावेत तसे येथे झाडांच्या बाबतीत होते. साग, ऐन, धावडा, बिबळा, शिसव, पळस, बहावा, आवळा ही सारी मंडळी येथे आहेत. एवढेच काय, महाराष्ट्राने ज्याला राज्यप्राण्याचा मान दिला तो शेकरूही येथे फांदीवरून शेपूट सोडून बसलेला दिसतो. त्याला कानडी येते की मराठी, हे आम्ही विचारले नाही.

या रानातील सर्वांत उंच ठिकाण म्हणजे हिमवद् गोपालस्वामी बेट्ट. बेट्ट म्हणजे डोंगर, हे येथे सांगावयास नको. उंची १४५४ मीटर. माथ्यावर वेणुगोपालाचे देऊळ असून ते होयसळ राजा तिसरा वीर बल्लाळ याच्या काळचे, म्हणजे चौदाव्या शतकाच्या आरंभीचे मानतात. खाजगी वाहने पायथ्याशी ठेवून राज्य परिवहनाच्या बसने वर जावे लागते. दक्षिणेस निलगिरीची भिंत उभी असते; असते असे म्हणतो, कारण ती दिसेलच असे नाही. नावातच हिम आहे, आणि ते नाव देणाऱ्याने अतिशयोक्ती केलेली नाही.

आता ऋतूंकडे वळू. कोणतेही मार्गदर्शक पुस्तक उघडा, त्यात ऑक्टोबर ते मे असे मोघम लिहिलेले असते. सरकारी नोकरीत आम्हीही ‘योग्य वेळी निर्णय घेण्यात येईल’ असे पुष्कळदा लिहिले आहे, त्यामुळे मोघमपणाची आम्हांस चीड नाही. पण पाहुण्याला आठ महिन्यांचा आकडा सांगून भागत नाही. त्याची रजा आठ दिवसांची असते.

जनावरे पाहावयाची असतील तर फेब्रुवारीपासून मेपर्यंत यावे, हे खरे आहे. पानगळ झालेली असते, गवत वाळून बसलेले असते, नजर दूरवर पोचते. ओढे आटतात आणि जी काही तळी उरतात त्यांच्या काठी हत्ती, गवे, सांबर, चितळ यांना यावेच लागते. पलीकडे काबिनी नदीवर १९७४ साली पुरे झालेले धरण आहे. त्याच्या जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत उगवते आणि त्यासाठी हत्तींचे कळप नागरहोळेच्या बाजूने व बंदीपूरच्या बाजूने खाली उतरतात. एकाच वेळी इतके हत्ती मोकळे फिरताना पाहणे ही आयुष्यात एकदा तरी घडावी अशी गोष्ट आहे.

तथापि येथे एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आपण ज्याला उत्तम ऋतू म्हणतो, तो रानाच्या हलाखीचा ऋतू आहे. जनावर आपल्याला दिसते, कारण ते तहानेने लपण्याची जागा सोडून बाहेर आलेले असते. कडक उन्हाळ्यात वनखात्याला सौरपंप लावून तळी भरावी लागतात. त्या तळ्याशी जीपगाडीत बसून आम्ही ‘आला, आला’ म्हणून आनंदलो आहोत, आणि परतताना पाण्याच्या बाटल्या रिकाम्या केल्या आहेत. यात अपराध आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ‘बेस्ट सीझन’ हा शब्द तेव्हापासून आमच्या तोंडून सहजी निघत नाही.

याच महिन्यांत वणवे लागतात. आपल्या उत्तर भारतीय घाणेरीने (काही जण तिला टणटणी म्हणतात, उत्तर भारतीय हा शब्द आमच्या जिभेचा दोष, ती मूळची अमेरिका खंडातली) बंदीपूरच्या जमिनीवर फार मोठे अतिक्रमण केले आहे, उन्हाळ्यात ती वाळते आणि आगीला पायरी मिळते. वनखाते हिवाळ्याच्या अखेरीस जाळरेषा काढून ठेवते, तरीही २०१७ च्या फेब्रुवारीत आग विझवताना एका वनरक्षकाचा जीव गेला. २०१९ च्या फेब्रुवारीत तर गोपालस्वामी बेट्टाच्या आसपासचे डोंगर दिवसच्या दिवस जळत राहिले, हजारो एकर रान गेले, आणि शेवटी वायुदलाची हेलिकॉप्टरे पाण्याच्या बादल्या घेऊन आली. त्या आगीशी आमचाही संबंध आहे. तो पुढे सांगतो.

पावसाळ्याविषयी पाहुण्यांत नाराजी असते. गवत पुरुषभर वाढते, झुडुपे दाटतात, जनावराला पाणी जागोजाग मिळते, मग ते गाडीरस्त्यावर कशाला येईल? पण ज्याला रान पाहावयाचे आहे, केवळ रानातले प्राणी नव्हे, त्याने जुलै-ऑगस्टमध्ये यावे असे आमचे मत आहे. बंदीपूर सह्याद्रीच्या पावसाच्या आडोशाला आहे; महाबळेश्वरची कोसळधार येथे नाही. झिमझिम, मध्येच ऊन, पुन्हा ढग. गुंडलुपेटच्या दोन्ही बाजूंना सूर्यफूल आणि झेंडू यांची शेते फुललेली असतात आणि त्या पिवळ्या-केशरी पट्ट्यांच्या मागे ढगांनी गुंडाळलेला बेट्ट. म्हैसूरच्या मराठी घरांतून दसऱ्याला झेंडूची माळ लागते. ती फुले कोठून येत असतील याचे कुतूहल असणाऱ्याने हा रस्ता पाहावा.

हिवाळा सुखाचा, पहाटे शाल लागते, आणि पक्षी पुष्कळ. त्यांतल्या एकाचाच उल्लेख करतो. नवरंग नावाचा पक्षी थंडीत दक्षिणेच्या रानांत मुक्कामाला असतो आणि पावसाच्या सुमारास पिले वाढविण्यासाठी कोकणात, सह्याद्रीच्या झाडीत जातो. मे महिन्याची सुट्टी लागली की सामान बांधून गावी निघणाऱ्या आपल्या कुटुंबांना त्याचा स्वभाव समजण्यास अडचण पडू नये.

सुट्टीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ऋतू निवडण्याची एवढी चर्चा आपण करतो, पण निवड करणारे आपण नसतोच, शाळा असते. कर्नाटकात मुलांना मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये आणि दुसरी दसऱ्याला. महाराष्ट्रात मे ते मध्य जून आणि दिवाळीला. दोन्हीकडच्या भावंडांना एकत्र जमण्यास खरा समाईक महिना एकच, मे. म्हणून आपल्यापैकी बहुतेकांच्या छायाचित्रांतले बंदीपूर करड्या रंगाचे आहे.

नेमका मुहूर्त साधू पाहणाऱ्यांची एक हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. केरळात मुन्नारजवळ एरविकुलम राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. आपल्याकडच्या कारवीची ती नात्यातली, पण कारवीपेक्षा सावकाश. २००६ नंतर २०१८ साली ती फुलणार म्हणून आमच्या एका स्नेह्यांनी वर्षभर आधी खोल्या राखून ठेवल्या. ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला, मुन्नारचे रस्ते खचले, आणि स्नेही म्हैसुरातच राहिले. पुढचा फुलोरा २०३० मध्ये अपेक्षित आहे. ते तेव्हा एक्क्याऐंशीचे होतील. खोल्या राखून ठेवण्याचा विचार आहे असे परवाच म्हणाले.

आता आमच्या घरची गोष्ट. आमच्या मातोश्रींचे सारे आयुष्य सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या गावी गेले. सांगलीच्या गणपतीचा हत्ती त्यांनी लहानपणापासून पाहिलेला. आम्ही २०१४ साली बदलीवर येथे आलो तेव्हा त्यांनी एकच मागणे केले. “अरे, साखळी नसलेला हत्ती एकदा बघायचाय मला.” आम्ही लगेच सांगितले, “आई, फेब्रुवारीत ये. तेव्हा नक्की दिसतो.” पहिल्या फेब्रुवारीत शाळूची काढणी निघाली. दुसऱ्या वर्षी नातवाची बारावी. तिसऱ्या वर्षी गुडघे. मधल्या काळात दोन वेळा दिवाळीला येते म्हणाल्या, तेव्हा आम्हीच म्हणालो, आत्ता नको, गवत फार असते. हे आमचे शब्द आम्हांस आजही जसेच्या तसे आठवतात.

अखेर २०१८ साली आषाढी झाल्यावर, जुलैच्या अखेरीस, कोणाला न विचारता त्या आल्या. बेट्टावर नेले. धुके असे की देवळाच्या पायरीवरून समोरचा माणूस दिसेना. निलगिरी नाही, रान नाही, काही नाही. आम्ही ओशाळलो. त्या मात्र पायरीवर पदर घट्ट ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “देव बासरी वाजवतोय अन् गायी दिसत नाहीत, एवढंच.” खाली उतरून, आलोच आहोत तर तमिळनाडूच्या हद्दीपर्यंत जाऊन यावे असे ठरले. परतीच्या वाटेवर गाडीच्या उबेने त्यांचा डोळा लागला. आणि बंदीपूर ओलांडण्याच्या थोडे अलीकडे, रस्त्यापासून वीस-पंचवीस पावलांवर, ओल्या गवतात एक हत्तीण आणि तिच्या पोटाखाली पिलू. त्या रस्त्यावर गाडी थांबविण्यास मनाई आहे. चालकाने वेग कमी केला. आम्ही मागे वळून पाहिले. मातोश्रींचा चेहरा इतका शांत होता की हाक मारावी की न मारावी, या विचारात चार-पाच क्षण गेले. हाक मारली तेव्हा काचेवर फक्त पाणी होते.

“उठवलं का नाहीस?” एवढेच त्या म्हणाल्या. रात्री जेवताना मात्र आम्हांस सांगितले, “फेब्रुवारीत परत येते. तुझ्या सीझनला.”

आणि त्या आल्या. गुडघ्यांना पट्टे बांधून, आमच्या भगिनीच्या कुटुंबासह, फेब्रुवारी २०१९ च्या शेवटच्या आठवड्यात. सकाळी लवकर निघालो. गुंडलुपेट येण्यापूर्वीच डोंगरावर धूर दिसू लागला. पुढे जाण्यात अर्थ नव्हता. एका चहाच्या टपरीजवळ गाडी वळवून घेतली. मातोश्री बराच वेळ खिडकीतून मागे पाहत होत्या. त्यांनी विचारले, “पिलं कुठं जात असतील रे?” आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते. पुढच्या वर्षी मार्चमध्ये सारा देशच घरात कोंडला गेला. २०२१ साली मातोश्री गेल्या.

तेव्हा ‘केव्हा यावे?’ असे कोणी पत्राने, फोनने विचारले, तर आता आम्ही उलट विचारतो, कोण येत आहे? मुले असतील आणि त्यांना हत्तीच पाहावयाचे असतील तर मार्च-एप्रिल, पण वणव्याची बातमी काढून. वयस्कर माणसे असतील तर ती ज्या महिन्यात येऊ म्हणतील तो महिना. आणि म्हणू लागताच तिकीट काढावे. आम्ही मागच्या वर्षी सासूबाईंचे तसेच काढले, तेव्हा ऑक्टोबर होता आणि पाऊस पडत होता.

काही व्यवहाराच्या सूचना करून रजा घेतो. सफारीसाठी सकाळची फेरी घ्यावी, दुपारी जनावर आणि पाहुणा दोघेही झोपतात. रंगीबेरंगी कपडे नकोत, अत्तर नको. बेट्टावर जाताना मे महिन्यातही स्वेटर बरोबर ठेवावा आणि परतीच्या बसची वेळ चढतानाच विचारून घ्यावी. २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळात बंदीपूरचा रस्ता वाहनांना बंद असतो, हे उटीहून परतताना विसरू नये. माकडांना खाऊ घालू नये. आणि वृद्ध माणसाला पुढच्या आसनावर बसवावे. डोळा लागलाच तर बिनदिक्कत हाक मारावी.