बाळाचे कुरळे केस

बाळाचें जावळ कुरळें निघालें कीं कौतुकाबरोबर सल्लेही येतात. 'एकदां जावळ काढलें कीं केस सरळ येतील,' असें वडीलधारी मंडळी सांगतात. परंतु केसाचें वळण ठरतें तें कातडीखालीं, मुळाच्या घडणीवरून. वस्तरा तेथपर्यंत पोंचत नाहीं. जावळ संस्कार म्हणून काढावें. उपाय म्हणून नव्हे.

कुरळा केस लवकर कोरडा पडतो, कारण कातडींतील स्निग्धता वळणावळणांतून टोंकापर्यंत उतरत नाहीं. म्हणून रोज साबण लावूं नये; आठवड्यांतून एक-दोन वेळां सौम्य साबण पुरे. केस ओले असतांनाच खोबरेलाचा हलका हात फिरवावा. मग रुंद दातांच्या फणीनें आधीं टोंकाचा गुंता सोडवावा, आणि हळूहळू मुळाकडे यावें. मुळाशी केस बोटांनीं धरून ठेवला म्हणजे ओढ बसत नाहीं. टाळू भरेपर्यंत तेथें दाब देऊं नये. घट्ट वेण्याही घालूं नयेत.

फणी पाहून रडणारें बाळ हट्टी नसतें. त्याला दुखत असतें. उद्यां तें आरशांत पाहूं लागेल. आपले केस म्हणजे एक दोष आहे, हा धडा त्याला घरांतच मिळूं नये.