एकच फाइल, हवी तेवढी लांबी

आज एफटीसी रोबोटच्या फ्रेमबद्दल बोलू. १५ मिलिमीटरचं ॲल्युमिनियम सेक्शन तुमच्यापैकी बरेच जण वापरत असतील. आणि फोल्डरमध्ये त्याच्या फाइल्स किती? २०० ची, २४० ची, ‘२४० फायनल नवीन’...

अरे, कशाला? ऑनशेपमध्ये सेक्शनचा छेद एकदाच काढा. एक्स्ट्रूड करताना थेट आकडा टाकू नका, ‘लांबी’ नावाचं कॉन्फिगरेशन व्हेरिएबल द्या. मग असेंब्लीत तोच पार्ट दहा वेळा घ्या आणि प्रत्येकाला त्याची त्याची लांबी द्या. एक्स्ट्रूड सिमेट्रिक ठेवलंत तर लांबी बदलूनही मध्य जागचा हलत नाही. मला तर हेच आवडतं.

फायदा कुठे होतो बघा. सुरुवातीला रोबोट १८ इंचांच्या घनात, म्हणजे ४५७.२ मिलिमीटरमध्ये मावलाच पाहिजे. तुम्ही ४५० ची पट्टी घेतली, दोन्ही टोकांना ५-५ च्या प्लेट्स लावल्या. झाले ४६०. गेलं! स्क्रीनवर ४५० चं ४४० करायला दोन सेकंद लागतात. कापून झाल्यावर कळलं, तर पुन्हा करवत घेऊन बसा. आणि उलट, आखूड कापलेली पट्टी काही वाढत नाही.

हो, कापायची यादी काढताना पात्याची जाडी धरा. एक मीटरच्या पट्टीतून २५० चे तीनच तुकडे पूर्ण निघतात, चौथा कमी भरतो.