तळ्यातली बेशरम कोणी लावली?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



भंडारा-गोंदियाची जुनी तळी सरकारने खोदलेली नाहीत. गोंड राजांच्या काळात कोहळी शेतकऱ्यांनी ती धानासाठी बांधली. १९५१ साली मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली आणि पाणी घेणाऱ्यानेच तळे राखायचे हा रिवाज मोडला. गाळ साचला, गाळावर बेशरम माजली.

ही बेशरम मूळची अमेरिका खंडातली. पण दोष सगळा सरकारवर टाकून चालणार नाही. जनावर तोंड लावत नाही म्हणून कुंपणाला ती आपणच खोचली. कांडी पडली की मूळ धरते. तिने काठ व्यापला आणि कमळ, देवधान, पाण्याखालचे गवत हटले. त्या झाडोऱ्यात मासे अंडी घालत, पाखरे चरत. तो गेला तसे ढिवरांचे मरळ, शिंगी, मागूर कमी झाले.

अर्जुनी-मोरगाव तालुक्यात ढिवरांच्या मच्छीमार संस्थांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीने यावर काम केले आहे. रीत साधी आहे. उन्हाळ्यात तळे आटले की बेशरम मुळासकट उपटायची, जमीन नांगरायची. पाऊस पडून पाणी भरले की चांगल्या तळ्यातून आणलेल्या पाणवनस्पती लावायच्या: काही पाण्याखालच्या, काही तरंगत्या, काही काठावरच्या. या कामात ढिवर बाया पुढे आहेत. कोणती वनस्पती कुठे जगते, कोणता मासा कशात राहतो, हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे.

तुम्ही म्हणाल, हा ढिवरांचा प्रश्न, आपला काय संबंध? बेशरम जागा अडवते, गाळ धरून ठेवते. तळे उथळ झाले तर धानाच्या शेवटच्या पाण्याला मुकणार कोण? आपणच!

म्हणून तीन गोष्टी ठरवून उठू. एक, कुंपणाची बेशरम उपटून वाळवायची, पाण्यात फेकायची नाही. दोन, लावणी केलेल्या कोपऱ्यात पहिल्या वर्षी ढोरे सोडायची नाहीत. तीन, गेट उघडून तळे तळापर्यंत रिकामे करायचे नाही. बियाण्यापुरते पाणी राखायचे.

तळ्यावरचा हक्क आपण मागतोच आहोत, मागत राहू. पण हक्क मागणाऱ्याने आधी राखण करून दाखवावी. येत्या उन्हाळ्यात प्रत्येक गावाने एक कोपरा मोकळा करावा, आणि त्या दिवशी ढिवर व शेतकरी एकाच बांधावर उभे असावेत.